कर, खर्च आणि प्रचार: मतदारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून महाराष्ट्रात सरकारी पैशाची चर्चा चहाच्या टपरीपासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत पोहोचली. हे फार चांगले झाले. अर्थसंकल्प सोपा करून सांगताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. मत कोणाला द्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. मत मागायला आलेल्या कोणालाही काय विचारायचे, एवढेच इथे सांगायचे आहे.

पक्ष खर्चाबद्दल भरभरून बोलतात, मग कराबद्दल गप्प का?

खर्च दिसतो, म्हणून. खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, योजनेला नाव असते, फलकावर नेत्यांचे फोटो असतात. कर मात्र साबणाच्या वडीत, पेट्रोलच्या लिटरमध्ये, घराच्या नोंदणीत मुरलेला असतो. तो आपण भरतो, पण भरल्याचे लक्षात राहत नाही. जे लोकांच्या लक्षात राहते त्यावरच प्रचार उभा राहतो.

ऑक्टोबर २०२४ हा महिना डोळ्यांसमोर आणा. १४ तारखेला राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत शिरणाऱ्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन असे ते नाके. मुंबईकरांना खरोखर दिलासा मिळाला, रांगा कमी झाल्या, आणि ते घरोघरी पोहोचेल याची काळजीही घेतली गेली. त्याच महिन्यात दुसराही एक निर्णय झाला. प्रतिज्ञापत्र, करारनामा अशा अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर गेले. भाडेकरार, संमतीपत्र, वाटणीपत्र यांसाठी तहसील कचेरीबाहेरच्या मुद्रांक विक्रेत्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे तिथे गेल्यावरच कळले. कोणत्याही सभेत कोणी म्हणाले नाही की इकडे टोल माफ केला आहे आणि तिकडे मुद्रांक वाढवला आहे.

टोल माफ झाला तरी नाक्यांचे पैसे संपत नाहीत. वसुलीची मुदत संपायच्या आधीच माफी दिली, त्यामुळे उरलेल्या काळाची भरपाई राज्याच्या तिजोरीतून द्यावी लागते. नाक्यावर मोटारवाला भरत होता ते पैसे आता सगळे मिळून भरतात. त्यात मुंबईत कधीही मोटार घेऊन न गेलेला परभणीचा माणूसही आला. निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात, पण त्याची किंमत लोकांपुढे मांडली गेली नाही, याबद्दल मतभेद व्हायचे कारण नाही.

दीड हजार, एकवीसशे, तीन हजार. या आश्वासनांचा हिशेब मला करता येईल का?

येईल, कागद-पेन्सिल पुरेसे आहे. तीन आकडे घ्या: दरमहा रक्कम, बारा महिने आणि लाभार्थींची संख्या.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अतिरिक्त अर्थसंकल्पात जाहीर झाली. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. लाभार्थी अडीच कोटी धरल्या तर ४५,००० कोटी होतात. सरकारनेही वर्षाला ४६,००० कोटी लागतील असेच सांगितले होते, म्हणजे आपला हिशेब जवळपास जुळतो.

मग निवडणूक आली. महायुतीने २,१०० रुपयांचे वचन दिले. तेवढ्याच महिला धरल्या तर ते ६३,००० कोटी होतात. महाविकास आघाडीने महालक्ष्मी योजनेत ३,००० रुपये देऊ म्हटले, ते ९०,००० कोटी. आता समोर राज्याचे उत्पन्न ठेवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये धरली होती. म्हणजे ३,००० चे वचन जमा होणाऱ्या दर सहा रुपयांतला जवळजवळ एक रुपया एकट्या योजनेसाठी मागत होते. बाकीच्या पाच रुपयांत शिक्षकांचे पगार, निवृत्तिवेतन, जुन्या कर्जाचे व्याज, दवाखाने, पाणीयोजना, रस्ते सगळे बसवायचे. पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांनाच निम्म्याहून जास्त महसूल लागतो.

महिलांच्या हातात थेट पैसे देणे मला वाईट वाटत नाही. शेतमजूर बाईच्या खात्यात नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे पैसे येणे ही मोठी गोष्ट आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणूनच हे पैसे टिकणार कसे, हे विचारायला हवे. दोन्ही आघाड्यांनी रकमेची चढाओढ केली. कोणता कर वाढवू किंवा कोणता खर्च कमी करू, हे एकीनेही सांगितले नाही.

मग त्या २,१०० रुपयांचे काय झाले?

२३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला, महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. १० मार्च २०२५ ला नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प आला. त्यात २,१०० नव्हते. योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, म्हणजे आधीच्या वर्षी सांगितलेल्या ४६,००० कोटींहून १०,००० कोटी कमी. आर्थिक स्थिती पाहून योग्य वेळी वाढ देऊ, अशी भूमिका सरकारने घेतली.

तरतूद कमी झाली की यादीलाही कात्री लागते. निवडणुकीआधी अर्ज झपाट्याने मंजूर झाले, निवडणुकीनंतर छाननी कडक झाली. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचे सांगितले. अपात्रांना वगळायलाच हवे. पण ही चाळणी निवडणुकीच्या आधी का लावली नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. नियम तेव्हाही तेच होते.

याच काळात आणखी एक प्रकार घडला, त्याची चर्चा हवी तेवढी झाली नाही. मे २०२५ मध्ये या योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. हे अनुसूचित जाती-जमातींच्या विकासासाठी राखून ठेवलेले पैसे. तिथली शिष्यवृत्ती, वसतिगृह, आश्रमशाळा यांना कोणी फलक लावत नाही, म्हणून तिथून पैसे उचलणे सोपे जाते.

मी आयकर भरत नाही. मग सरकारला जाब विचारण्याचा मला काय हक्क?

हा प्रश्न बहुतेकदा बायका विचारतात, आणि दरवेळी तो ऐकून वाईट वाटते. कोणीतरी त्यांना सांगितलेले असते की ‘करदाते’ वेगळे आणि ‘फुकट घेणारे’ वेगळे.

तुम्ही रोज कर भरता. पिशवीबंद, छापील नावाचे पीठ किंवा तांदूळ २५ किलोपर्यंतच्या पाकिटात घेतले तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, आता ५ टक्के आहे. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के लागतो. एसटीचे डिझेल, भाजी आणणाऱ्या टेम्पोचे डिझेल यांवरचा कर भाड्यात आणि भाजीच्या भावात येतो. ज्याची कमाई कमी, त्याच्या कमाईतला मोठा हिस्सा अशा खरेदीवरच जातो, त्यामुळे या करांचा चटका गरिबाला जास्त बसतो.

तेव्हा ‘करदात्यांचा पैसा’ असे कोणी भाषणात म्हणाले, तर त्यात तुमचाही पैसा आहे असे समजून पुढचे वाक्य ऐका.

पेट्रोलवरचा कर नक्की कोण घेते? केंद्र राज्याकडे बोट दाखवते, राज्य केंद्राकडे.

दोघेही घेतात. पण केंद्राच्या वाट्यातली मेख समजून घेण्यासारखी आहे.

मे २०२२ च्या कपातीनंतर केंद्राचा कर पेट्रोलवर लिटरमागे १९ रुपये ९० पैसे होता. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये, कृषी पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये. उपकर आणि अशी विशेष शुल्के राज्यांबरोबर वाटून घ्यावी लागत नाहीत. वाटपासाठी उरतात ते १ रुपया ४० पैसे, आणि त्यातले ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळून. एका लिटरमागे देशातल्या सर्व राज्यांच्या पदरात ५७ पैसे! ‘राज्यांना वाटा देतो’ असे दिल्लीतून सांगितले जाते तेव्हा हे ५७ पैसे आठवावेत.

राज्यही मागे नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी म्हणून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लावला. दुष्काळ सरला, पेट्रोलवरचा अधिभार राहिला, वाढलाही. २०२४ मध्येही पेट्रोलवर टक्केवारीच्या व्हॅटशिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे घेतले जात होते. संकटाच्या नावाने आलेला कर संकटाबरोबर जात नाही, हा अनुभव जुना आहे. कोणताही पक्ष तात्पुरता अधिभार लावतो म्हणाला, तर तो कोणत्या तारखेला उठणार हे तिथल्या तिथे विचारावे.

कर कमी करण्याचे वचन पाळलेले कधी पाहिले आहे का?

हो. शेजारी गोव्यातच. २०१२ च्या निवडणुकीत भाजपने पेट्रोल स्वस्त करण्याचे वचन दिले होते. सत्ता येताच मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. सिंधुदुर्गातून लोक टाकी भरायला सीमा ओलांडू लागले. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी बंद झाल्या आणि गोव्याच्या महसुलाचा मोठा आधार गेला. पुढच्या वर्षांत व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढला. वचन पाळण्याची धडाडी खरी होती, पण उत्पन्नाचा दुसरा पाय अधू झाल्यावर ते झेपले नाही.

मुंबईचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करू असे सांगितले. २०१९ मध्ये निर्णय झाला, लोकांनी बिल उघडले, तर बिल शून्य नव्हते! मालमत्ता कराचे बिल एकाच कराचे नसते. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशा ओळी त्यात असतात. माफ झाला होता तो फक्त सर्वसाधारण कर. संपूर्ण माफीची घोषणा व्हायला १ जानेवारी २०२२ उजाडावे लागले. ‘मालमत्ता कर माफ’ असे फलकावर वाचले की बिलातल्या कोणत्या ओळी, असे विचारायला मुंबईकर यातून शिकले.

एलबीटीची, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका घेत त्या कराचीही तीच कहाणी, फक्त व्यापारपेठेतली. २०१४ मध्ये व्यापाऱ्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा स्थानिक संस्था कर रद्द झाला. महापालिकांच्या उत्पन्नाला पडलेले खिंडार राज्याने अनुदान देऊन बुजवले. आणि वर सांगितलेला २ रुपयांचा दुष्काळ अधिभार केव्हा आला? दोनच महिन्यांनी. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. पण तिजोरी एकच असते, आणि एका दाराने कर बाहेर गेला की दुसऱ्या दाराने कोणता आत आला ते बघायची सवय असावी.

आयकरात सूट मिळते तेव्हा तरी पक्ष कराबद्दल बोलतात ना?

बोलतात, आणि जोरात बोलतात. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असे जाहीर झाले. चार दिवसांनी दिल्ली विधानसभेचे मतदान होते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे कमी झाले, तेव्हा ‘बचत उत्सव’ म्हणून प्रचार झाला.

न बोलली गेलेली बाजू अशी. आयकराच्या सवलतीमुळे सुमारे एक लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असे अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितले. आयकर हा वाटून घ्यायचा कर आहे. ४१ टक्के राज्यांचे, त्यात महाराष्ट्राचा वाटा तेव्हा ६.३१७ टक्के. हिशेब केला तर महाराष्ट्राच्या तिजोरीत येणारे साधारण अडीच हजार कोटी कमी होतात. टाळ्या दिल्लीत पडल्या, आणि किमतीचा एक भाग मुंबई, पाटणा, भुवनेश्वरने उचलला. मध्यमवर्गाला सवलत मिळाली याचा मला आनंदच आहे. राज्यांचे नुकसान कसे भरून निघणार, हे मात्र त्याच दिवशी सांगायला हवे होते.

महाराष्ट्र सर्वांत जास्त कर देतो आणि त्याला सर्वांत कमी परत मिळते, हे खरे आहे का?

अर्धे खरे. महाराष्ट्रातून मोठा कर गोळा होतो आणि वाटपात लोकसंख्या, दरडोई उत्पन्नातले अंतर असे निकष असल्याने बिहार-उत्तर प्रदेशाला जास्त मिळते. पण आयकर आणि कंपनी कराचा आकडा मुंबईच्या नावावर फुगलेला असतो. कंपनीचे मुख्य कार्यालय नरिमन पॉइंटला, कारखाना दुसऱ्या राज्यात आणि ग्राहक देशभर, तर कर मुंबईत भरला जातो. हा मुद्दा महाराष्ट्रातले सगळे पक्ष विरोधी बाकांवर असताना मांडतात आणि दिल्लीत आपले सरकार असले की विसरतात. त्यामुळे मला त्यात फारसे तथ्य सापडत नाही. उपकरांचा प्रश्न खरा आहे, आणि नेमका तोच कमी बोलला जातो.

‘सातबारा कोरा करू’ यात कराचा काय संबंध?

कर्ज माफ होते म्हणजे बँकेचे पैसे सरकार भरते. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना ३४,०२२ कोटींची जाहीर झाली होती, मर्यादा दीड लाख. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले योजना आली, मर्यादा दोन लाख, आणि नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० चे प्रोत्साहन जाहीर झाले. २०२४ च्या प्रचारात पुन्हा दोन्ही बाजूंनी कर्जमाफीचे वचन दिले. आठ वर्षांत तिसऱ्यांदा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कर्जमाफीची गरज पडते, कारण सोयाबीन-कापसाचा भाव, पीक विमा आणि पाणी या तिन्हींत तो वाऱ्यावर असतो. निवडणूक जवळ आली की माफीचा शब्द येतो, मग शेतकरी हप्ता थांबवतो, मग थकबाकीमुळे नवे पीककर्ज मिळत नाही आणि तो सावकाराच्या दारात जातो. शब्द दिल्यापासून माफी प्रत्यक्ष होईपर्यंतचा हा काळ सर्वांत घातक असतो. त्याची जबाबदारी शब्द देणाऱ्यावर असायला हवी.

जाहीरनाम्यात पैसे कुठून आणणार हे लिहिणे बंधनकारक नाही का?

कायद्याने बंधनकारक नाही. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात ५ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जाहीरनाम्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, पण निवडणूक आयोगाने याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करावीत. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांचा भाग आला. आश्वासनांमागचे कारण दिसावे आणि पैसा कसा उभारणार हे ढोबळपणे सांगावे, अशी अपेक्षा त्यात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने एक ठरावीक नमुनाच सुचवला: किती लाभार्थी, किती खर्च, पैसा नव्या करातून, खर्चकपातीतून की कर्जातून. अनेक पक्षांनी नाके मुरडली. माझ्या मते तो नमुना हा या सगळ्या वादातला सर्वांत उपयोगी कागद होता. आयोग सक्ती करो न करो, मतदाराला तेच रकाने विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

कर आणि खर्च एकत्र सांगितला, असे महाराष्ट्रात कधी घडले आहे?

घडले आहे, आणि त्याची खूण बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकावर आहे. कपातींच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधीच्या आसपास बघा: प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाला २,५००, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे.

हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, नालाबांधाला उतरली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना राज्यभर नेली गेली: मागेल त्याला काम. पुढे त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा हे तेव्हा लपवले नाही. शहरात पगार घेणाऱ्याने, व्यवसाय करणाऱ्याने थोडा कर द्यावा, गोळा होईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी, आणि त्या निधीतून गावातल्या मजुराला काम मिळावे. मोटारींवर, बागायती जमिनीवरही काही भार टाकला होता.

मला हा आपल्या राजकारणातला फार मोलाचा क्षण वाटतो. मुंबईच्या कारकुनाला सांगितले गेले की तुझ्या पगारातून इतके कापले जातील, आणि बीड-उस्मानाबादच्या मजुराला सांगितले गेले की मागशील तेव्हा काम मिळेल. त्यावर वाद झाले, अंमलबजावणीत हजेरीपटाचे घोटाळेही झाले, पण देवाणघेवाण उघड्यावर होती. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार होता.

नंतर हा धागा सुटला. केंद्राचा कायदा आल्यावर मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, प्रोफेशन टॅक्स मात्र तसाच चालू राहिला. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना त्यातून सूट मिळाली, ती स्वागतार्हच आहे. पण हा कर कशासाठी सुरू झाला होता, हे त्या घोषणेत कोणी सांगितले नाही. आज पगार घेणाऱ्या तरुणांना विचारा, बहुतेकांना त्या २०० रुपयांचे मूळ माहीत नसते.

कर वाढवायचा नाही, खर्च कमी करायचा नाही. मग कर्ज काढून चालत नाही का?

काही काळ चालते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राची राजकोषीय तूट (उत्पन्नाबाहेरचा, कर्ज काढून भागवायचा खर्च) १,३६,२३५ कोटी आणि एकूण कर्ज ९.३२ लाख कोटींच्या घरात जाईल असा अंदाज अर्थसंकल्पात होता. तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत होती, त्यामुळे ‘राज्य दिवाळखोर झाले’ ही विरोधकांची भाषा चुकीची होती. महसुली तूट ४५,८९१ कोटी होती, तिची काळजी वाटायला हवी. महसुली तूट म्हणजे पगार, व्याज, अनुदान असा चालू खर्चही उत्पन्नातून भागत नाही. धरणासाठी कर्ज काढले तर फेडणाऱ्या पिढीला धरण तरी मिळते.

शिवाय कर्जाची एक न दिसणारी जात असते: न दिलेली बिले. २०२५ मध्ये रस्ते आणि पाणीयोजनांची कामे केलेल्या कंत्राटदार संघटना थकीत देयकांसाठी रस्त्यावर आल्या. ते पैसे कर्जाच्या आकड्यात दिसत नाहीत, पण देणे असतेच.

आणि शेवटी कर वाढतोच. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. त्यातून सुमारे १४,००० कोटी जास्त मिळतील असे सांगितले गेले. निवडणूक होऊन सात महिने झाले होते.

‘रेवडी’ कोणती आणि कल्याणकारी योजना कोणती?

पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये रेवडी संस्कृतीवर टीका केली. नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांचाच पक्ष सत्तेत असलेल्या सरकारांनी मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात महिलांच्या खात्यात थेट पैसे दिले. काँग्रेसने महाराष्ट्रात योजनेच्या खर्चावर टीका केली आणि दुप्पट रक्कम जाहीर केली. या शब्दावर वेळ घालवू नका. योजना कायद्याने मिळालेला हक्क आहे की सरकारच्या मर्जीवर आहे, आणि तिच्यासाठी कशाचे पैसे कमी झाले, एवढे दोन मुद्दे बघा.

अर्थसंकल्पात नेमके काय वाचायचे?

भाषण वाचू नका, निदान आधी तरी नको. राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची सगळी प्रकाशने मराठीत असतात. कोणत्याही योजनेच्या ओळीत वेगवेगळे आकडे शेजारीशेजारी असतात: सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. मूळ आणि सुधारित यांत मोठी दरी दिसली की तिथे बोट ठेवा. जाहीर केलेले पैसे वर्षाच्या मध्यात कापले गेले, हे तिथेच कळते.

मग पुरवणी मागण्या. अर्थसंकल्पाच्या बाहेरचा खर्च पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात या वाटेने येतो. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यात लाडकी बहीण योजनेचे २५,००० कोटी होते. अर्थसंकल्पाला दूरचित्रवाणीवर दिवसभर चर्चा मिळते, पुरवणी मागण्या दोन मिनिटांच्या बातमीत आटोपतात.

सभेत प्रश्न विचारायची सोयच नसते. मग कुठे विचारायचे?

प्रचारसभेत नसते, हे खरे. पण उमेदवार बचत गटात, गृहनिर्माण संस्थेत, बाजार समितीत मत मागायला येतात, तिथे असते. ‘योजना देणार का?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर कायम ‘हो’ असते. ‘वर्षाला किती कोटी लागतील आणि ते कोणत्या करातून किंवा कोणता खर्च कमी करून आणणार?’ असे विचारा. उत्तर आले नाही तरी चालेल. दहा ठिकाणी हाच प्रश्न आला की अकराव्या ठिकाणी उमेदवार तयारी करून येतो, हे मी पाहिले आहे.

निवडून आल्यावर आमदाराला पत्र पाठवा, अधिवेशनाच्या आधी. तुमच्या तालुक्याशी संबंध असलेल्या एकाच मागणीबद्दल लिहा, म्हणजे आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालय किंवा नळयोजना. अधिवेशनानंतर आमदार त्या मागणीवर बोलले का ते बघा. सभागृहातल्या कामकाजाचा वृत्तांत छापला जातो आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही मिळतो.